तीन पात्यांचा कटर आणि पेन्सिलीची रेघ

मित्रांनो, तुमची आणि माझी ओळख नाही, आणि अनोळखी माणसापुढे मन मोकळे करण्याचा माझा स्वभाव नाही. कोण कोणत्या हेतूने ऐकत आहे हे आधी पारखून घ्यावे, असे मी जन्मभर मानत आलो. त्याच मानण्यापायी एका निरपराध व्यक्तीविषयी मी मनात दीर्घकाळ विष बाळगले. म्हणून आज तुम्हाला न पारखताच बोलतो.

मी एक जुना कटर आहे. कागद कापणारा नव्हे, लाकूड तासणारा. सुताराच्या कारखान्यात विजेवर चालणारा रंधा तुमच्यापैकी कोणी पाहिला असेल. त्यात दोन लोखंडी टेबले एकापुढे एक मांडलेली असतात व त्यांच्या मधोमध तीन बोटे रुंद फट असते. त्या फटीत जो पोलादी रूळ गरगर फिरतो, तो मी. माझ्या अंगात लांबीच्या दिशेने तीन खाचा आहेत. प्रत्येक खाचेत एक सरळ पाते बसते, त्याला एक दाबपट्टी धरून ठेवते आणि दाबपट्टीला पाच बोल्ट आवळतात. खडबडीत फळी माझ्यावरून सरकत गेली की पलीकडे सपाट होऊन निघते.

माझा जन्म एका जाड पोलादी कांबीतून झाला. ज्या कारागिराने मला लेथवर घडवले त्याने शेवटी मला दोन समांतर धारांवर आडवे ठेवले आणि मी कोणत्या अंगाला कलतो ते तो पाहत बसला. रूळ एका बाजूने जड असेल तर ती बाजू हळूहळू खाली येते. मी कललो. त्याने जड बाजूस एक बारीक भोक पाडले व मला पुन्हा ठेवले. मी पुन्हा कललो. असे चार वेळा झाले, तेव्हा तो शेजारच्याला म्हणाला, "अजून याच्या पोटात काहीतरी आहे." मित्रांनो, ज्याच्या कानावर या जगातले पहिले वाक्यच संशयाचे पडले, त्याचा पिंड दुसरा कसा घडावा?

तदनंतर मी ज्या कारखान्यात आलो तो एका लांबट खोलीत होता. डाव्या भिंतीला फळ्यांची चवड, उजव्या भिंतीला चार कामाची टेबले, वर पत्रा, आणि मागे मालकाच्या राहण्याच्या दोन खोल्या. मालक स्वतःच मिस्त्री होते. तेव्हा त्यांचे केस काळे होते व मिशी केसांहून काळी. त्यांनी मला पेटीतून काढले, खाचांतील ग्रीस चिंधीने पुसले, आणि माझी पाती लावावयास घेतली. त्या दिवशी मी त्यांचा झालो.

पाती लावणे ही गोष्ट सोपी नाही. तिन्ही पाती एकाच उंचीची हवीत. एक पाते केसाएवढे जरी वर राहिले तरी सगळे काम ते एकटेच करते आणि उरलेली दोन आयत्या बिळावरच्या नागोबासारखी नुसती फिरत राहतात. मग फळीवर लाटा उमटतात. इतर कारागीर यासाठी नाना मापे वापरतात. आमचे मिस्त्री मात्र एक सरळ काठी वापरत. विजेची वायर काढून ठेवायची, काठी मागच्या टेबलावर अशी ठेवायची की तिचे टोक माझ्यावर येईल, आणि मला हाताने सावकाश फिरवायचे. पाते काठीच्या पोटाला जेमतेम स्पर्श करते तेव्हा 'खस्' असा आवाज होतो. मिस्त्री डोळे मिटून, मान तिरपी करून तो आवाज ऐकत. तीन पाती, तीन वेळा खस्. तिन्ही खस् जुळले की बोल्ट आवळायचे. त्यांच्या या कसबामुळे पंचक्रोशीत त्यांना 'कानाचा मिस्त्री' म्हणत. त्यांनी तासलेल्या फळीवर लोक तळहात फिरवून पाहत आणि मग तोच तळहात स्वतःच्या गालावर फिरवून पाहत. बहुतेकांचा गाल हरे.

माझी पाती बोथट झाली की मिस्त्रींच्या बालमित्राकडे, धारवाल्याकडे, जात. धारवाल्याचे दुकान गल्लीच्या टोकाला होते. तो बोलण्यात तिखट, पण धार त्याहून तिखट. पाती परत आणताना तो ती जुन्या चादरीत तान्ह्या मुलासारखी गुंडाळून आणी आणि म्हणे, "घे, न्हाऊ घालून आणलंय." दर आठ दिवसांनी पाती बदलत. असा आमचा संसार चालला होता.

माझा आवाज हे माझे भूषण होते. सरळ पाते आपल्या संपूर्ण लांबीनिशी एकदम लाकडावर आदळते, आणि अशी तीन पाती क्षणात शेकडो वेळा आदळली की जो नाद उठतो त्यास कोणी किंकाळी म्हणतात, मी गर्जना म्हणत असे. मी सुरू झालो की दोन गल्ल्यांपलीकडचा शिंपी घड्याळ लावून घेई. कारखान्यातील सर्वांना मिस्त्री कानात घालण्यासाठी कापसाचे बोळे देत. स्वतः मात्र कधी घालत नसत. कोणी विचारले तर म्हणत, "कान झाकला तर पातं काय बोलतंय ते कळणार कसं?" हे वाक्य मित्रांनो, लक्षात ठेवा. मी ते तेव्हा मोठ्या अभिमानाने ऐकले होते.

माझ्यात एक दोष आहे, तोही आताच सांगून टाकतो. मी फिरू लागलो की मला माझ्याशिवाय काहीही ऐकू येत नाही. माणसांचे ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र पोहोचत नाहीत. मी थांबलो की मगच जग बोलू लागते.

मिस्त्रींची एक मुलगी होती. लहानपणी ती माझ्याखालच्या ढलप्यांच्या ढिगात बसून कुरळ्या ढलप्यांच्या बांगड्या करी. पुढे तिने हातात रंधा घेतला, पटाशी घेतली, आणि बघता बघता अर्धा कारखाना तिच्या शिरावर आला. तिचे सांधे इतके घट्ट बसत की मिस्त्री त्यात नख घालून पाहत आणि नख परत घेऊन मुकाट्याने निघून जात. त्यांच्या लेखी ती मोठी शाबासकी होती. पण माझ्या पात्यांना त्यांनी तिला कधी हात लावू दिला नाही.

एके दिवशी एक यंत्रविक्रेता आला. त्याचे बूट चकचकीत होते व भुसा लागू नये म्हणून तो बगळ्यासारखी पावले टाकी. ज्याला भुशाची घाण वाटते तो लाकडाचे काय भले करणार, अशी शंका माझ्या मनात तत्क्षणी आली. त्याने एक पेटी उघडली. आत माझ्याच मापाचा एक रूळ होता, परंतु त्याला पाती नव्हती. त्याच्या अंगावर मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या रांगांत नखाएवढे चौकोनी दात स्क्रूने बसवलेले होते. दाताच्या चारही कडांना धार. एक कड बोथट झाली की स्क्रू सैल करून दात पाव फेरा फिरवायचा, नवी कड पुढे. खिळा लागून एखादा दात तुटला तर तेवढाच बदलायचा. पाती जुळवण्याची कटकट नाही, कारण प्रत्येक दात आपल्या घरात आपोआप बसतो. उलट्यासुलट्या रेषांचे लाकूडही तो ओरबाडत नाही. आणि सर्व दात एकदम न लागता एकामागून एक लागत असल्याने आवाज निम्म्याहून कमी. मुलगी तो रूळ हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली. मला ते मुळीच रुचले नाही. विक्रेत्याच्या चित्रांच्या पुस्तकात तिसराही एक प्रकार होता, त्यात लांब लवचीक पाती रुळाभोवती पिळून बसवलेली होती. "हा धड ना इकडचा ना तिकडचा," म्हणून मिस्त्रींनी ते पान उलटले.

दाताच्या कटरवर मात्र त्यांनी सविस्तर आक्षेप घेतले. ताज्या धारेच्या सरळ पात्यासारखी सफाई त्याला येणार नाही, फळीवर अत्यंत बारीक खवले उमटतील. मोटरीवर जोर पडेल. आणि दात संपला की केरात जाईल. शेवटी म्हणाले, "ज्याला धार लावता येत नाही ते हत्यार नव्हे, ती काडेपेटी. संपली की फेकायची." मी मनात म्हटले, वाहवा.

पण त्याच वेळी एक विपरीत घडले. धारवाला तिथेच उभा होता. तो म्हणाला, "अरे मिस्त्री, घेऊन टाक की. चांगली वस्तू आहे."

मिस्त्रींनी त्याच्याकडे रोखून पाहिले. मीही पाहिले. मित्रांनो, विचार करा. तो कटर आला तर पाती जाणार, पाती गेली तर धारवाल्याचे काम जाणार. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेण्यास एवढा उत्सुक माणूस तुम्ही कधी पाहिला आहे काय? यात काहीतरी काळेबेरे आहे, हे मला आणि मिस्त्रींना एकदमच वाटले. विक्रेता पेटी मिटून निघून गेला, पण संशय मागे ठेवून गेला.

त्या दिवसापासून आम्ही दोघे सावध झालो. आणि सावध नजरेला काय दिसत नाही? मी फिरत असताना धारवाला दारात येई आणि मुलगी काम टाकून त्याच्याकडे जाई. दोघांचे ओठ हलत. मध्येच ती मिस्त्रींच्या पाठीकडे पाही, धारवाला मान हलवी. मला शब्द ऐकू येत नसत. मिस्त्री वळून पाहत, तेव्हा दोघे गप्प होत. संध्याकाळी मला पुसताना मिस्त्री माझ्याशी बोलत, तेही पूर्वीपेक्षा मोठ्याने. "आपल्याला खड्यासारखं बाजूला काढायचं चाललंय," ते म्हणत. "घरातही तेच. सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात हल्ली. काय बोललीस म्हणून विचारलं तर म्हणते, काही नाही बाबा." मला त्यांची अक्षरशः दया येई.

त्यातच फळ्यांवर लाटा दिसू लागल्या. ज्या दिवशी पाती बदलली जात त्या दिवशी सकाळी लाटा असत, आणि दुपारनंतर नाहीशा होत. मिस्त्रींनी प्रथम धारवाल्यावर आळ घेतला की तो पाती वाकडी घासून देतो. धारवाल्याने पाती काचेवर ठेवून सरळ असल्याचे दाखवले व म्हणाला, "पातं सरळ आहे, तू आपलं बघ." या बोलण्याचा मिस्त्रींना राग आला. मी स्वतःची समजूत अशी घातली होती की नवे पाते नव्या चपलेसारखे असते, अर्धा दिवस चावते, मग बसते.

मात्र एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती मी मिस्त्रींना सांगू शकत नव्हतो. दुपारी ते मागच्या खोलीत जेवून अर्धा तास डोळा लावत. पाती बदलल्याच्या दिवशी बरोबर त्याच वेळी मुलगी माझ्यापाशी येई. वायर काढी, पाना घेई, आणि मिस्त्रींनी सकाळी आवळलेले बोल्ट एकेक करून सैल करी. तिचे हात माझ्या खाचांत फिरत तेव्हा माझ्या पोलादाला शहारे येत. काय करते आहे ही? मिस्त्रींचे काम बिघडवून मला नालायक ठरवायचे आणि त्या बगळ्याचा दातेरी रूळ आणायचा, एवढाच अर्थ मला दिसला. दुपारनंतर माझे काम गुळगुळीत होते, हे मला दिसत होते. परंतु त्याचे श्रेय मी दुपारच्या उबेला दिले. संशयी माणसाला आणि संशयी लोखंडाला पुरावा समोर ठेवला तरी तो उलटाच वाचता येतो.

मिस्त्रींना सुगावा लागला तो पान्यामुळे. ते पाना नेहमी खिळ्याला तोंड डावीकडे करून अडकवत. एके संध्याकाळी त्याचे तोंड उजवीकडे होते. पुढच्या वेळी पाती लावून झाल्यावर त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि प्रत्येक बोल्टाच्या माथ्यावरून दाबपट्टीवर उतरणारी एक बारीक अखंड रेघ मारली. बोल्ट तिळमात्र जरी फिरला तरी रेघ मोडणार. पंधरा बोल्ट, पंधरा रेघा. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी चष्मा लावून पाहिले. पंधराच्या पंधरा मोडलेल्या.

त्यांनी माझ्या टेबलावर हात टेकले. "माझ्याच पोटची," एवढेच म्हणाले. पुढच्या आठवड्यातही त्यांनी रेघा मारल्या आणि त्याही मोडल्या. तरी ते मुलीला काही विचारीनात. फक्त तिच्याकडे पाहण्याची त्यांची नजर बदलली. ती सांधा दाखवायला आली तर ते नख घालून पाहीनात.

तिसऱ्या वेळी त्यांनी पाती लावली, रेघा मारल्या, आणि दुपारी जेवायला गेलेच नाहीत. मुलीने दोनदा बोलावले. शेवटी जेवणाचे ताट त्यांनी माझ्याजवळ आणवले आणि माझ्या पुढच्या टेबलावर बसून, माझ्याकडे पाठ न करता जेवले. मुलगी समोरच्या टेबलापाशी पटाशी घासत होती. ती एकच पटाशी तिने तासभर घासली. मला आत कुठेतरी विजय झाल्यासारखे वाटत होते.

जेवण झाल्यावर मिस्त्रींनी एक जाड, गाठाळ फळी घेतली आणि मला सुरू केले. धारवाला त्याच सुमारास चादरीतील गाठोडे घेऊन दारात आला. फळी माझ्यावर आली मात्र, मला काहीतरी विचित्र जाणवले. तीनपैकी एकच पाते लाकडाला भिडत होते. माझा नाद अखंड न राहता धड, धड, धड असा लंगडत होता. मला तो स्पष्ट ऐकू येत होता, कारण मला माझ्याशिवाय दुसरे काही ऐकू येतच नाही. मिस्त्री फळी तशीच शांतपणे पुढे रेटत होते. मी पाहिले, मुलगी हातातली पटाशी टाकून धावत येत होती. तिचे तोंड पूर्ण उघडलेले होते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. मिस्त्री तिच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

एक गाठ त्या उंच पात्यात अडकली. फळी उलटी उसळली, मिस्त्रींच्या कमरेजवळून सुटली आणि मागच्या पत्र्याच्या पिंपाला पोचा पाडून खाली पडली. त्यांचे हात माझ्या दिशेने घसरले. त्याच क्षणी मुलीने लाल बटण दाबले आणि त्यांना दंडाला धरून मागे ओढले. मी गरगरत गरगरत थांबलो.

कोणालाही इजा झाली नव्हती. मिस्त्रींचे ओठ पांढरे पडले होते. भीती जेव्हा स्वतःला भीती म्हणवून घ्यायला लाजते तेव्हा ती रागाचा सदरा घालते. ते मुलीला म्हणाले, "आज मी राखण केली तरी तू डाव साधलासच. कधी हात लावलास? मी हात धुवायला उठलो तेव्हा?"

"आज मी हात लावला नाही बाबा. आज लावता आला नाही."

"मागल्या दोन वेळच्या रेघा मोडल्या होत्या. मला सगळं माहीत आहे. उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही."

धारवाला पुढे होऊ लागला, तसे त्यालाही त्यांनी हाताने थोपवले आणि तूही त्यातलाच आहेस असे सुनावले. मला वाटले होते की मुलगी आता रडेल किंवा चोरी कबूल करील. तिने यातले काहीच केले नाही. तिने माझी वायर काढली. खिळ्यावरची मिस्त्रींची काठी घेतली, मागच्या टेबलावर तिचे टोक माझ्यावर येईल अशी ठेवली, आणि मिस्त्रींच्या उजव्या बाजूस उभी राहून, त्यांना दिसेल असे तोंड वळवून म्हणाली, "बाबा, ऐका आणि सांगा. कोणतं पातं उंच आहे?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. मान तिरपी केली. तिने मला हाताने फिरवले.

पहिले पाते काठीला लागले. खस्. दुसरे लागले. खस्. तिसरे लागले, आणि खर्रर्र असा आवाज झाला. दारात उभ्या असलेल्या धारवाल्याने तो ऐकला. टेबलांवरच्या कारागिरांनी ऐकला. मित्रांनो, मी ऐकला.

"सारखी आहेत तिन्ही," मिस्त्री म्हणाले. "बघ की. मीच लावलीत."

मिस्त्रींनी डोळे उघडले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. कारागीर आपापल्या टेबलाकडे वळले. धारवाला हातातील गाठोड्याची गाठ सोडू लागला, जिला सोडण्याचे काही कारण नव्हते. मग मिस्त्रींनी मुलीचा हात बाजूला केला, मला स्वतः फिरवले आणि काठीवर आपले बोट ठेवले. तिसरे पाते आले तेव्हा काठी त्यांच्या बोटाखाली उचलली गेली. त्यांनी पुन्हा फिरवले. काठी पुन्हा उचलली गेली. कान फसवतो, बोट फसवत नाही.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"वर्ष झालं," मुलगी म्हणाली. "या काकांनी आधी ओळखलं. त्यांच्या दुकानात ते पाती घासत होते आणि तुम्ही म्हणालात, सहाण आज मुकी का. म्हणून ते त्या कटरचं बोलले."

"आणि तू दर वेळी..."

"तुम्ही आडवे झालात की."

मिस्त्रींनी मोडलेल्या रेघांच्या जागी बोट फिरवले. त्या दिवशीच्या रेघा अखंडच होत्या, त्याच तर साऱ्या अनर्थाचे मूळ होत्या. मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो फक्त कारागीरच विचारील. "रेघ दिसली होती ना तुला? काम झाल्यावर परत मारली असतीस तर मला कळलंही नसतं."

"दिसली होती," ती म्हणाली. "मुद्दाम नाही मारली. वाटलं, मोडलेली बघून तुम्ही विचाराल."

मिस्त्री खाली बसले. पुढच्या टेबलावर नव्हे, जमिनीवरच, ढलप्यांत. धारवाला त्यांच्याशेजारी बसला आणि त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "अरे ठार बहिऱ्या, तुझ्यामुळे वर्षभर शेजाऱ्यांना सगळी गुपितं ओरडून सांगतोय मी." मिस्त्री हसले की त्यांना हुंदका आला हे मला सांगता येणार नाही. मुलीने त्यांच्या डोक्यातला भुसा झाडला.

मी मात्र त्या वेळी गोठून गेलो होतो. ते कान कोणी खाल्ले? तीस वर्षे, दिवसाचे आठ तास, पुढ्यात उभे राहून ज्याचे बोलणे समजावे म्हणून त्या माणसाने कानात कधी कापूस घातला नाही, तो कोण होता? मी जगावर पहारा ठेवून होतो. विक्रेत्यावर, धारवाल्यावर, त्या मुलीवर. आणि चोर माझ्याच खाचांत बसून गर्जना करत होता.

नव्या कटरचा निर्णय मिस्त्रींनीच घेतला, आणि तो घेताना त्यांनी आपला एकही आक्षेप मागे घेतला नाही. खवले उमटतील तर उमटोत. शेवटचा हात हातरंध्याने मारायचा, आणि हातरंध्याचे पाते धारवाल्यानेच घासायचे. "तुला काय मी मोकळा सोडतोय होय," असे ते त्याला म्हणाले. मोटरही थोडी मोठी घ्यावी लागली. मला उतरवताना त्यांनी माझी पाती काढून धारवाल्याला परत दिली. मला तेल लावले आणि समोरच्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवले.

तेथून मी त्या दातेरी रुळाची पहिली सुरुवात पाहिली. खरे सांगतो, मी त्याच्या फजितीची वाट पाहत होतो. कोणता तरी दात उडेल, काही तरी जळेल. मुलीने बटण दाबले. एखादा मोठा भुंगा खोलीत शिरावा तसा एक खोल, मऊ घूं घूं सुरू झाला. मिस्त्रींनी थोडे थांबून टेबलावर तळहात ठेवला आणि विचारले, "चालू झालं का?" त्यांना तो ऐकूच आला नव्हता. हाताला थरथर लागली तेव्हा त्यांनी मान हलवली व फळी पुढे सरकवली.

अर्धी फळी गेली असेल. मुलगी त्यांच्या उजव्या बाजूस आली आणि नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बाबा, जेवायला कधी येताय?"

"ही झाली की," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी मान वळवली नव्हती. फळी सरकतच होती. रंधा चालू असताना त्या खोलीत प्रश्नाला उत्तर मिळाल्याचे मी आयुष्यात प्रथमच पाहिले. मुलगी तिथेच उभी राहिली. मग तिने नुकताच जोडलेला एक सांधा त्यांच्यापुढे धरला. फळी संपल्यावर त्यांनी त्यात नख घातले, परत काढून घेतले आणि मुकाट्याने जेवायला गेले.

मित्रांनो, पाते झिजले तर दुसरे मिळते, दात बोथट झाला तर फिरवता येतो. कान एकदा झिजला की त्याला धार लावणारा अद्याप जन्मला नाही. म्हणून जिथे माझ्यासारखा कोणी गरजत असेल तिथे कान झाका, आणि कामाच्या अभिमानापायी उघडे ठेवू नका. तसेच कोणाचे ओठ तुमच्या पाठीमागे हलताना दिसले तर लगेच रेघा मारू नका. आधी आपले यंत्र बंद करा, मग विचारा. मी शांत झालो तेव्हाच मला कळले की माझ्याविषयी जे बोलले जात होते ते प्रेमाने बोलले जात होते, आणि ते माझ्याविषयी नव्हतेच.

आता माझ्या अंगावर धूळ बसते. मुलगी महिन्यातून एकदा मला खाली घेऊन तेलाचा हात फिरवते, आणि नवे टेबल चिकटवताना वजन म्हणून माझा उपयोग करते. मी रात्रभर दोन फळ्यांवर बसून राहतो. कोणी आलेच कधी आमच्या कारखान्यात, तर मला अवश्य पुसा. फक्त माझ्या बोल्टांवर पेन्सिलीच्या काही फिकट खुणा आहेत, अर्धी रेघ बोल्टावर आणि अर्धी पट्टीवर, एकमेकींपासून सरकलेल्या. तेवढ्या पुसू नका. मिस्त्रींनीही पुसलेल्या नाहीत.